डबल डेकरचं तिकीट, दीडशे क्यूआर कोड आणि कंडक्टर काकांचा पंच

बाबा गेल्यावर डोंबिवलीच्या घरातला माळा आवरायला काढला, तेव्हा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत काड्यापेटीचे छाप, रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटं आणि रबरबँड लावून ठेवलेले बेस्टच्या तिकिटांचे गठ्ठे. रबर वितळून कागदाला चिकटलेलं. प्रत्येक तिकिटावर पंचचं भोक, आणि काहींच्या मागे बाबांच्या बारीक अक्षरात तारीख आणि कुठे गेलो ते. आई म्हणाली टाकून दे, मला काही टाकवेना. मग असेच डबे घरात असलेली आणखी माणसं भेटत गेली, व्हॉट्सॲप ग्रुप झाला, आणि आम्ही नऊ-दहा जण वर्षातून एकदा दादरला एका शाळेचा हॉल घेऊन जुन्या तिकिटांचा मेळा भरवायला लागलो. टेबलं मांडायची, तिकिटं काचेखाली ठेवायची, दोन-तीन जाणकार माणसं बोलणार, मध्ये वडापाव-चहा, संपलं.

२०२३ चा मेळा आम्ही १६ जुलैला ठेवला. मुंबईत पहिली बस धावली १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, म्हणून खरं तर १५ तारीखच हवी होती पण शनिवारी शाळा चालू, हॉल रविवारचाच मिळाला. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, जुलै म्हणजे पाऊस. म्हणजे मुहूर्त बघा.

तर त्याच्या आदल्या वर्षीचं माझं दुखणं असं की लोक यायचे, काचेचा फोटो काढायचे, वडा खायचे आणि जायचे. कोण आलं होतं ते नंतर कळायला मार्गच नाही. रजिस्टर ठेवलेलं, त्यात "सुरेश, डोंबिवली" असली नोंद. कुठला सुरेश? डोंबिवलीत दर बिल्डिंगमध्ये दोन सुरेश आहेत. लोकांनी येऊन नुसतं बघून जाऊ नये, काहीतरी करावं आणि काहीतरी घेऊन जावं, एवढंच डोक्यात होतं. हे मी ठाण्याच्या भाच्याजवळ बोलले, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, तर तो लगेच, "मावशी, एनएफटी दे ना सगळ्यांना."

मी म्हटलं, ते माकडांची चित्रं कोट्यवधींना विकतात ते? तो म्हणाला ते नाही गं, पोॲप म्हणून असतं. म्हणजे एखाद्या कार्यक्रमाला तू प्रत्यक्ष गेली होतीस याची डिजिटल खूण. इथेरियम म्हणून एक ब्लॉकचेन आहे, म्हणजे कोणालाही बघता येणारी सामायिक डिजिटल वही, तिच्या लोकांचं २०१९ ला अमेरिकेत डेन्व्हरला एक संमेलन झालं, तिथे आलेल्यांना ती पहिल्यांदा दिली. फुकट देतात, विकायची वस्तूच नाही ती. एक गोल चित्र, त्यावर कार्यक्रमाचं नाव आणि तारीख, आणि ते तुझ्या नावावर, म्हणजे तुझ्या वॉलेटच्या (असल्या डिजिटल वस्तू ठेवायचं ॲप) पत्त्यावर, ब्लॉकचेनवर नोंदलेलं. मला एवढं कळलं की हे तिकिटासारखंच आहे फक्त प्रवास झाल्यावर मिळतं. बाबांनी तिकिटांमागे तारखा लिहून ठेवल्या होत्या तेच हे, म्हटलं चला करून बघू.

आता भाचा उत्साही. तो म्हणाला पोॲप वगैरे कशाला, आपण आपलंच बनवू. ईआरसी-७२१ म्हणून एक ठरलेला नमुना आहे, बहुतेक एनएफटी त्यातूनच निघतात, त्याप्रमाणे त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पॉलिगॉन नावाच्या दुसऱ्या एका ब्लॉकचेनच्या टेस्टनेटवर चढवला. टेस्टनेट म्हणजे रंगीत तालीम करायची जागा, खरे पैसे लागत नाहीत, तालमीपुरते खोटे कॉइन एका नळावरून फुकट घ्यायचे, त्याला खरंच फॉसेट म्हणतात. आणि त्या टेस्टनेटचं नाव काय, तर मुंबई! मला एवढं हसू आलं. पॉलिगॉन सुरू करणारी माणसं आपल्याकडचीच, २०१७ मध्ये मॅटिक नावाने सुरू केलेलं, म्हणून असावं. मुंबईवर मुंबईची तिकिटं. आम्ही ग्रुपवाल्यांसाठी अकरा तिकिटं काढली आणि मी सगळ्यांना लिंक पाठवली.

अकरापैकी तीन जणांना उघडता आलं. बाकीचे वॉलेटपाशीच अडकले. वॉलेट काढायचं म्हणजे आधी ॲप घ्या, मग ते तुम्हाला बारा इंग्रजी शब्द देणार, ते कागदावर लिहून जपून ठेवा, हरवले तर सगळं गेलं, कोणाला सांगितले तरी सगळं गेलं. आमच्यातले एक बँकेतून रिटायर झालेले काका म्हणाले, अहो मला एटीएमचे चार आकडे लक्षात राहत नाहीत. आणि खऱ्या चेनवर गेलं की दर वेळी थोडी का होईना गॅस फी, म्हणजे नोंद करायचा खर्च, ती कोण भरणार, हा एक वेगळाच घोळ.

म्हणून मग गुपचूप पोॲपकडेच आलो. त्याचं एक बरं आहे, समोरच्याकडे वॉलेट नसेल तर नुसता ईमेल टाकूनही ते राखून ठेवता येतं, नंतर कधी वॉलेट काढलं तर तिकडे घ्यायचं, नाहीतर राहू दे तिथेच. आणि गॅस घेणाऱ्याला भरावा लागत नाही. हे आधी मूळ इथेरियमवरच चालायचं पण तिथली फी परवडेना म्हणून २०२० मध्ये त्यांनी ते एक्सडाय नावाच्या स्वस्त चेनवर हलवलं, तिलाच आता नोसिस चेन म्हणतात.

मीटिंगमध्ये हे मांडलं तर बँकवाल्या काकांनी ताबडतोब टॅक्स काढला. २०२२ च्या बजेटपासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून १ टक्का टीडीएस, एनएफटीसुद्धा त्यात धरतात, उगाच नोटीस यायची. त्यांना समजावलं की आपण विकत नाही आहोत, नफा कुठला? तरी त्यांनी वहीत लिहून घेतलंच, "तिकीट विनामूल्य आहे." कॉलेजमधली एक मुलगी आहे ग्रुपमध्ये, तिने विचारलं याला वीज किती जाळतात. प्रश्न बरोबर होता. भाच्याने सांगितलं की इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये ती खाणकामाची, म्हणजे ढीगभर कॉम्प्युटर सतत गणितं करत ठेवून नोंदी पक्क्या करायची, पद्धतच सोडली, विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाला, आणि नोसिसही डिसेंबरमध्ये त्याच वाटेने गेलं. तिचं समाधान झालं, काकांचं नाही झालं.

मग चित्र. मी ग्राफिक डिझायनर आहे, मला वाटलं हा तर डाव्या हाताचा मळ. पण फाइल हवी ५०० बाय ५०० पिक्सेल आणि दिसणार गोलात. तिकीट तर लांबट आयत! गोलात घातलं की चारही कोपरे कापले जातात, नंबर एकीकडे जातो, भाडं दुसरीकडे. चार रात्री घातल्या त्यावर. शेवटी तिकीट सोडलं आणि डबल डेकरचं समोरून दिसणारं तोंड काढलं, तिच्या वरच्या मजल्याच्या पुढच्या दोन खिडक्या, त्यातून दोन मुलं डोकावतायत, आणि एका बाजूला पंचचं भोक. बेस्टचा लोगो वापरायचा नाही हे आधीच ठरवलेलं, परवानगीच्या भानगडीत पडायला वेळ नव्हता.

आधी मी पाच टोकन, म्हणजे पाच वेगवेगळ्या डिजिटल खुणा, ठरवलेली. ट्रामच्या टेबलाचं एक, बसचं एक, डबल डेकरचं, लोकलचं आणि चारही जमवली की एक मोठं. म्हणजे लोक टेबलाटेबलावर फिरतील. कागदावर फार छान वाटत होतं. मग आईला समजावून सांगायला गेले आणि तिसऱ्या टोकनपाशी तिने टीव्हीचा आवाज वाढवला, तेव्हा कळलं की दोनच ठेवायची. एक दारात, आलेल्या प्रत्येकाला. दुसरं कंडक्टर काकांच्या टेबलावर.

कंडक्टर काकांबद्दल सांगायलाच हवं. ते बेस्टमधून रिटायर झाले त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. पंच आणि तिकीटपेटी नोकरी सुटताना जमा करावी लागते, पण यांना चैन पडेना म्हणून चोरबाजारात जाऊन तसलाच एक जुना पंच विकत घेतला. तो हातात घेतला की माणूस बदलतो. बोलताना मध्येच नकळत खटखट खटखट चालू. मी त्यांना म्हटलं काका तुमच्या टेबलावर साठ कार्डं ठेवते, जो तुमच्याशी दोन शब्द बोलेल त्याला द्या. ते म्हणाले असं फुकट कसं द्यायचं, कुठून कुठे ते सांगितल्याशिवाय मी आयुष्यात कोणाला तिकीट दिलं नाही. मी तेव्हा हसून सोडून दिलं.

तर पोॲपच्या साइटवर दोन्ही कार्यक्रम भरले, नाव, तारीख, चित्र, किती हवेत, शेवटची मुदत. तिथे माणसं तपासून मंजूर करतात, मग लिंकांची एक यादी ईमेलने येते. एका लिंकवर एकच टोकन, कोणी घेतलं की ती लिंक संपली. एक सगळ्यांसाठी गुपित शब्द ठेवायचाही मार्ग आहे पण भाच्याने तो नको म्हटलं, कारण कोणीतरी तो शब्द कुठल्यातरी ग्रुपवर टाकतो आणि मग मुंबईचा नकाशाही न पाहिलेली माणसं तिकडे बसल्या बसल्या टोकन घेऊन मोकळी. असं करणाऱ्यांना त्या जगात फार्मर म्हणतात म्हणे. आमच्याकडे यांना विनातिकीट म्हणतील.

दीडशे लिंका दाराच्या, साठ काकांच्या. भाच्याने प्रत्येकीचा क्यूआर बनवला, मी कार्डाच्या डिझाइनमध्ये बसवले, एकेका शीटवर आठ कार्डं, आणि दाराच्या कार्डांची फाइल स्टेशनजवळच्या एका प्रिंटिंगच्या दुकानात दिली. काकांची साठ मी घरीच माझ्या प्रिंटरवर काढली कारण त्यांचा कागद मला खरखरीत, पिवळट, तिकिटासारखा हवा होता. हा हट्ट पुढे उपयोगी पडला.

रविवारी सकाळी भुरभुर पाऊस. मी ब्लॉक लागायच्या आधीची लोकल पकडून नऊला हॉलवर. दहाला दार उघडलं. पहिली दहा-पंधरा माणसं आली, कार्डं घेतली. एक आजोबा कार्ड उलटंसुलटं करून म्हणाले, हे स्कॅन केलं की किती कापले जाणार? मी म्हटलं काही नाही कापले जाणार, फुकट आहे. ते म्हणाले फुकट आहे असंच सांगतात आधी. आणि त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे क्यूआर म्हणजे पैसे द्यायचे, भाजीवाल्यापासून देवळापर्यंत, स्कॅन करून काहीतरी मिळतं हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नाही. पुढच्या बाई म्हणाल्या ओटीपी येणार का, आला तर मी सांगणार नाही. सांगू नकाच, म्हटलं. तिथेच एक जाड अक्षरातला कागद लिहून दाराला चिकटवला, "पैसे नाहीत. ओटीपी नाही. पिन नाही." या एका कागदाने जेवढं काम केलं तेवढं माझ्या चार रात्रींच्या डिझाइनने नाही केलं.

आणि मग साधारण वीस मिनिटांनी एक कॉलेजचा मुलगा आला की ताई, माझं कार्ड आधीच कोणीतरी वापरलंय असं येतंय. दुसरं दिलं. तेही वापरलेलं. तिसरं दिलं, तेही. माझ्या पोटात गोळा आला. मी गठ्ठा घेऊन खाली बसले आणि दोन कार्डं शेजारी धरून बघितली, क्यूआरचे ठिपके कोणी असे जुळवून बघतं का कधी, पण मी बघत होते, आणि दोन्ही डिट्टो सारखे. काय झालं होतं तर दुकानातल्या मुलाने एकोणीस पानांची फाइल न छापता पहिलं पानच एकोणीस वेळा छापलं होतं. त्याच्या दृष्टीने सगळी पानं सारखीच दिसत होती ना. म्हणजे माझ्या हातात दीडशेच्या वर कार्डं आणि त्यात चालणारे क्यूआर फक्त आठ. चूक त्याची की माझी, तर माझी. मी सांगितलंच नव्हतं की प्रत्येक पान वेगळं आहे म्हणून, आणि घेताना एकही कार्ड स्कॅन करून बघितलं नव्हतं.

भाच्याला फोन केला, तो ठाण्याहून निघालेला पण ब्लॉकमध्ये अडकलेला. साडेअकराला भिजून आला. लॅपटॉप उघडला, उरलेल्या लिंकांची यादी काढली, आणि चहाच्या टेबलाच्या कडेला बसून स्क्रीनवर एकेक क्यूआर दाखवायला लागला. एकाने स्कॅन केला की पुढचा. त्यातून वेगळीच मजा झाली, चहा घ्यायला आलेली माणसं त्याच्याभोवती उभी राहून विचारायला लागली हे काय आहे, आणि त्याला प्रत्येकाला सांगावं लागलं. हॉलच्या आत नेटवर्कची बोंब होती, दगडी इमारत, खिडक्या उंच, त्यामुळे माणसं फोन वर धरून व्हरांड्यात जायची, आणि तिथे पावसाच्या झडीत उभं राहून ईमेल टाइप करायची. ज्यांना तेही जमेना त्यांचे ईमेल आम्ही वहीत विचारून लिहून घेतले, सोमवारी लिंक पाठवतो म्हणून. या वेळी "सुरेश, डोंबिवली" नाही, पूर्ण ईमेल. पाच-सहा जणांनी नातवाचा दिला.

एका शिक्षिकाबाईंनी मात्र घेतलंच नाही. त्यांनी नीट विचारलं की हे कायमचं राहणार ना, मग मी कुठे कुठे गेले ते कोणालाही दिसणार? मी खरं ते सांगितलं. वॉलेटवर घेतलं तर त्या पत्त्यावर काय काय आहे ते कोणीही उघडून बघू शकतं. तिथे नाव लिहिलेलं नसतं, पण पत्ता तुमचा हे कोणाला माहीत असेल तर संपलंच. त्या म्हणाल्या मला बघू दे फक्त. बघितली तिकिटं, वडा खाल्ला, गेल्या. तोपर्यंत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. लहान मुलांना त्यांच्या नावाने काही द्यायचं नाही, आईबाबांच्या ईमेलवरच द्यायचं, हे आम्ही त्यानंतर तिथल्या तिथे ठरवलं.

या सगळ्या धावपळीत मी काकांच्या टेबलाकडे दुपारी एकपर्यंत फिरकलेच नव्हते. गेले तर तिथे रांग. रांग म्हणजे टेबलापासून सुरू होऊन ट्रामच्या काचा ओलांडून दारापर्यंत. काका उभे, खुर्ची बाजूला सारलेली, डाव्या हातात माझ्या पिवळ्या कार्डांचा गठ्ठा, उजव्यात पंच. समोर आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "कुठून कुठे?"

आणि लोक सांगत होते. कोणी नुसतं "सायन ते फोर्ट" म्हटलं तर काका पंच खाली करून वाट बघत उभे राहायचे, मग तो माणूस आणखी सांगायचा. एक बाई सत्तरीच्या, त्या म्हणाल्या बोरीबंदर ते दादर, ट्राम, शेवटच्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितली. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला त्याच रस्त्याने गेली. घोड्यांच्या ट्रामपासून, १८७४ पासून मोजलं तर नव्वद वर्षं. त्या म्हणाल्या गर्दीच एवढी होती की मला ट्राम दिसलीच नाही, नुसत्या टोप्या दिसल्या. मागे उभ्या असलेल्या एका मुलाने विचारलं दादरला ट्राम कुठे यायची, तर रांगेतले चार जण एकदम म्हणाले, "अरे, दादर टीटी!" टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. त्या मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं, रोज कंडक्टरकडे टीटी मागत होता आणि त्याला वाटायचं ते कोणा माणसाचं नाव आहे.

बोलून झालं की काका कार्ड काढायचे, खट्ट करून भोक पाडायचे, आणि हातात देताना म्हणायचे, "सुटे नाहीत." सगळे हसायचे. दर वेळी तेच, तरी दर वेळी हसायचे. भोक क्यूआरवर पडू नये म्हणून मी कोपऱ्यात एक बारीक गोल काढून ठेवला होता. काकांनी साठपैकी एकातही चूक केली नाही, हलत्या बसमध्ये गर्दीत तिकीट फाडलेला हात तो.

आणि ही कार्डं लोक स्कॅन करत होते. दारातली जी आठ चालली त्यातली काही आणि न चाललेली कितीतरी, संध्याकाळी खुर्च्यांखाली, वड्याच्या चटणीसकट सापडली. म्हणजे चालत नाहीत हे कळायच्या आधीच टाकून दिलेली, हँडबिल टाकतात तशी. काकांचं एकही कार्ड जमिनीवर सापडलं नाही. दोघांत क्यूआर तसाच, चित्र जवळपास तेच, घ्यायची पद्धत तीच. पण एक मी दारात हातात कोंबलं होतं आणि दुसऱ्यासाठी माणूस वीस मिनिटं रांगेत उभा राहून आपली गोष्ट सांगून भोक पाडून घेऊन आला होता. तो घरी जाऊन का होईना, ते स्कॅन करणारच.

साडेतीनला साठ संपली. रांग संपली नव्हती. मग लोक म्हणाले नुसतं पंच करून द्या. काकांनी व्हिजिटिंग कार्डं पंच केली, लोकलचं परतीचं तिकीट पंच केलं (मी म्हटलं काका टीसी पकडेल, ते म्हणाले सांग माझं नाव), एका मुलीने वर्तमानपत्रातला मेगाब्लॉकचा चौकोन फाडून आणला, तोही पंच केला.

आकडे सांगायचे तर रजिस्टरवर १३४ माणसं. दाराचं टोकन त्या दिवशी घेतलं ३९ जणांनी, बरीचशी भाच्याच्या लॅपटॉपवरून. वहीतल्या ५८ ईमेलना सोमवारी लिंक पाठवली, त्यातून आणखी २२. काकांच्या ६० पैकी महिनाभरात ४७ घेतली गेली. बँकवाले काका म्हणाले म्हणजे तेरा वाया गेली. वाया नाही गेली, त्यातलं एक मला माहितीये, त्या ट्रामवाल्या बाईंचं. त्यांच्या मुलीने ऑगस्टच्या शेवटी मेल केला की आईचं कार्ड स्कॅन केलं तर मुदत संपली असं येतंय. मी मुदत महिन्याचीच ठेवली होती, कारण मला काय माहीत. मी माफी मागितली, काही करता येतं का बघते म्हटलं. तर तिकडून उत्तर आलं, राहू दे, आईने ते देव्हाऱ्याशेजारी चष्म्याच्या घरात ठेवलंय आणि ती कोणाला हातही लावू देत नाही, स्कॅन करायलासुद्धा मी चोरून घेतलं होतं.

खर्च म्हणाल तर टोकनांना शून्य, छपाईचे आणि कागदाचे मिळून दोन हजारांच्या आत, त्यातले निम्मे पाण्यात. माझ्या रात्री धरल्या तर वेगळं.

पण वहीतल्या ईमेलचा उपयोग झाला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला जुन्या डिझेलच्या डबल डेकरची शेवटची फेरी होती, अंधेरीला आगरकर चौक ते सीप्झ, ४१५ नंबर. १९३७ पासून शहरात फिरणारी गाडी. नव्या एसी इलेक्ट्रिक डबल डेकर फेब्रुवारीतच आल्या होत्या, त्या चांगल्या आहेत, मी बसलेय, पण त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून हात बाहेर काढून झाडाची पानं तोडता येत नाहीत. तर आम्ही सगळ्यांना मेल केला, ज्यांच्याकडे आपलं तिकीट आहे त्यांनी या, भेटू. शुक्रवार होता, ऑफिसचा दिवस, मला वाटलं चार जण येतील. चौदा आले. बसला हार घातलेले, फुगे, तोबा गर्दी, कोणी कोणाला ओळखायचं? तर माणसं फोनवर ते डबल डेकरचं गोल तोंड उघडून हात वर करून उभी होती. दोघांनी फोन नाही, भोकवालं पिवळं कार्ड वर धरलेलं. काका आले होते, पंच खिशात. बस सुटताना त्यांनी नेहमीसारखी दोन वेळा खटखट केली, डबल बेल. ड्रायव्हरला त्या गोंगाटात ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

एप्रिल २०२४ मध्ये भाच्याचा मेसेज आला, "मावशी, मुंबई बंद झाली." मी लोकलमध्ये होते, मला वाटलं पाणी भरलं का काय एप्रिलात. तर ते टेस्टनेट. पॉलिगॉनने मुंबई मोडीत काढली आणि अमोय नावाचं नवं सुरू केलं. आमची ती पहिली अकरा तालमीची तिकिटं गेली तिच्याबरोबर, आता ती लिंक उघडली तर काही येत नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. ब्लॉकचेनवरचं कायमचं राहतं हे मीच त्या शिक्षिकाबाईंना सांगितलं होतं, कुठल्या चेनवरचं ते सांगायचं राहिलं.

पुढच्या मेळ्याची तयारी सुरू केलीये. दाराचं टोकन रद्द, जे द्यायचं ते काकांच्या हातून, आणि काकांच्या जोडीला आणखी एक रिटायर्ड कंडक्टर शोधतोय कारण एका माणसाने चार तास उभं राहणं या वयात बरं नाही. मुदत वर्षाची. कार्डं दोनशे, या वेळी दुकानात मी स्वतः उभी राहणार आणि गठ्ठ्यातून कुठलीही दहा काढून तिथल्या तिथे नजरेने जुळवून बघणार. स्कॅन करून टोकन घेऊन बघायचं ते फक्त शेवटच्या एकावरचं, नाहीतर तपासण्यातच तिकिटं संपायची. पंचची स्प्रिंग ढिली झालीये, काका म्हणाले चोरबाजारात शुक्रवारी ये माझ्याबरोबर, तिथे एक म्हातारा आहे, तो बसवून देतो.